पुलाखालच्या साती आसरा

आमच्या भागातल्या लोखंडी पुलाबद्दल जी गोष्ट सांगितली जाते, ती खोटी आहे. एका मैलकुलीनं पुलाखालच्या साती आसरांवर पहार चालवली, देवी कोपल्या आणि त्याच उन्हाळ्यात पूल फुटला, अशी ती गोष्ट. हल्ली यात्रेच्या पत्रिकेतही ती छापतात. पन्नासहून जास्त वर्षं मी ती ऐकत आलो आहे, आणि सांगणाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं की मान हलवत आलो आहे. पूल फुटला हे खरं. पहार चालली हेही खरं. पण त्या दोन्हींच्या आधी एक काम झालं होतं. ते मी केलं. त्या कामाचा पुलाच्या फुटण्याशी काय संबंध होता हे आम्हा दोघांनाच, मला आणि त्या मैलकुलीलाच, ठाऊक होतं. त्यातला एक केव्हाच गेला. मी शहात्तर वर्षांचा आहे.

शेजारी सिमेंटचा नवा पूल झाला. जुन्यावरून आता माणसं, सायकली आणि मेंढरं जातात. तो पाडायचा नाही असं गावानं ठरवलं आहे आणि त्याच्या तोंडाशी इतिहासाचा फलक लावायचा आहे. शाळेतले एक मास्तर त्यासाठी माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही तिथं नोकरीला होतात, चार आठवणी लिहून द्या." त्यांना हव्या होत्या त्या आठवणी ह्या नसणार. पण माझ्याकडे ह्याच आहेत.

पूल अक्कलकोटच्या दक्षिणेला, जिथं बाजारात भाव मराठीत विचारतात आणि घासाघीस कानडीत करतात, त्या बाजूला. पूल होण्याआधी पुराच्या दिवसांत लोक गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडत, असं म्हातारे सांगायचे. काहील पाण्यात गरगर फिरायची आणि आत बसलेली बाई डोळे मिटून घ्यायची. मग संस्थानच्या काळात पूल आला. लोखंड रेल्वेनं आलं आणि स्टेशनापासून पुढं बैलगाड्यांवर. एकेका तुळईला किती जोड्या जुंपल्या याचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढत जायचा. शंभरेक फुटांचा, मधे खांब नसलेला एकच गाळा, दोन्ही अंगांना त्रिकोणांवर त्रिकोण रचलेल्या उंच लोखंडी कमानी, वर आडवे दांडे. दुपारी त्या दांड्यांची सावली रस्त्यावर पडे, तेव्हा मेंढरं पुलावर पाय ठेवायला तयार नसत. त्यांना त्या सावल्या म्हणजे खड्डे वाटत. धनगर आधी एक शेळी पुढं घालायचा. मग मेंढरं निघायची, पण प्रत्येक सावलीवरून उडी मारत. अख्खा कळप असा उड्या मारत पूल ओलांडताना पाहिला की हसू आवरत नसे.

मी तिथं बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी वर्षभर रोड कारकून म्हणून रुजू झालो. घर सोलापुरात, भवानी पेठेत. वडील मागावर. घरातला पहिला सरकारी नोकर मी. वय चोवीस, हातात टेप, बुडाखाली सायकल. रस्त्याच्या ठरावीक मैलांची राखण ज्याच्याकडे असते त्या माणसाला मैलकुली म्हणत. खड्डे बुजवणं, गटारं उकरणं, कडेच्या झाडांना पाणी घालणं, आणि मैलात पूल आला तर पुलाची निगा. आमच्या पुलाचा मैलकुली पन्नाशीचा होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला मळका पटका, कानाच्या पाळीत अर्धी ओढून विझवलेली बिडी. मी त्याला मामा म्हणायचो आणि तो मला सायेब. हुद्द्यानं मी वर होतो. पूल त्याला कळत होता.

पहिल्याच आठवड्यात तो मला पुलाखाली घेऊन गेला. काठावरच्या दगडी बुरुजावर पुलाचं टोक टेकतं, तिथं कंबरेइतक्या उंचीवर एक कोनाड्यासारखी जागा होती. त्यात लोखंडी जाड पत्र्यावर सात लोखंडी रूळ शेजारी शेजारी आडवे ठेवले होते आणि त्या रुळांवर पुलाचं टोक बसवलं होतं. बाहेरून पाहिलं तर रुळांची फक्त तोंडं दिसायची. एका ओळीत सात गोल चकत्या. गंज चढू नये म्हणून खात्यानं त्यांना तांबडा रंग दिलेला.

"पलीकडचं टोक बुरजाला जखडलंय," तो म्हणाला. "हे टोक मोकळं. ढोराला दावं लावताना एकच पाय बांदत्यात की न्हाय? चारी बांदले तर ते पडून मरंल. पुलाचं बी तसंच हाय. उन्हात ह्यो वाढतुया. वाढला की ह्या रुळांवर चालतुया."

"पूल चालतो?" मी हसलो.

"हसा. चैतात दावतो."

चैत्रात त्यानं खरंच दाखवलं. सकाळी त्यानं मधल्या रुळाच्या तोंडावर चुन्यानं उभी रेघ ओढली. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा केला आणि रेघ दोऱ्याच्या बरोबर मागं आहे हे मला डोळा लावून बघायला लावलं. दुपारी तीनला पुन्हा ओळंबा धरला. रेघ तिरकी झाली होती. वरच्या टोकाला दोरा आणि रेघ यांत ज्वारीच्या दाण्याएवढी फट.

"बघा. हे सरकारचं घड्याळ," तो म्हणाला. "दिसाला एवढं, आन हिवाळ्यापासनं उन्हाळ्यापातुर बोटभर."

हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आता, नदीकाठी एका ओळीत सात तांबड्या गोल चकत्या दिसल्यावर आमच्याकडच्या बायांना त्या काय वाटणार? नदीवर, विहिरीवर सात शेंदरी दगड म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवता. त्या पुलाखाली कुणी बसवल्या हे कुणी विचारलं नाही. देवी आपण होऊन आल्या, एवढं पुरेसं होतं. त्यातून एखादीनं सकाळी कुंकू लावावं आणि संध्याकाळी ते कललेलं दिसावं. आसरा जाग्या आहेत, कुशी बदलतात, असं बाया म्हणू लागल्या. मैलकुलीनं त्यांना कधी अडवलं नाही. बाया शुक्रवारी पूजा करत. तो शनिवारी झाडू आणि वंगणाचा डबा घेऊन उतरे, हळदकुंकू, तांदूळ, पाकोळ्यांची शीट सगळं साफ करी आणि रुळांना वंगण लावी. एका शुक्रवारी मी हजर होतो. एक म्हातारी नारळ घेऊन आली होती.

"काकू, नारळ खाली दगडावर फोड की," तो म्हणाला. "पानी आत जातंय. देवीला गंज चढंल."

"आन तू देवीला वंगण फासतोस, ते चालतंय व्हय रं?"

"तुमी खोबरेल लावता, मी सरकारी लावतो. तेल त्ये तेलच."

"तुज्या तोंडात माती," म्हातारी म्हणाली आणि हसत हसत खालच्या दगडावर नारळ फोडला. पहिली कवड तिनं त्यालाच दिली.

मग दुष्काळ आला. नदीत वाळू तेवढी उरली. पुलाच्या दोन्ही बाजूंना रस्ता रुंद करायचं दुष्काळी काम निघालं. आसपासच्या गावांतली शेकडो माणसं, त्यात बायाच जास्त, दिवसभर खडी फोडत. ढीग मोजायचं काम माझं. मी नियमाप्रमाणं मोजायचो, सैल रचलेला ढीग मोडून पुन्हा रचायला लावायचो. माझं वय, माझी इस्त्रीची पँट आणि माझा टेप, तिन्ही त्यांना सहन होत नव्हते. मागून हाक यायची, "ए टेप्या!" मी वळलो की शंभर डोकी खाली, शंभर हातोडे चालू. एकदा माझ्या सायकलच्या सीटवर कुणी तरी खाजकुयली चोळली. मला ते फार लागलं होतं. आज वाटतं, उपाशी माणसं होती, त्यांना चिडायला कुणी तरी पाहिजे होतं.

पौष महिन्यात गावातले एक वजनदार गृहस्थ बायांचा घोळका घेऊन रस्त्याकडेच्या माझ्या पत्र्याच्या शेडवर आले. म्हणाले, "बायांचं म्हणणं आहे, आसरांना नीट बसायला जागा नाही म्हणून नदी आटली. एक चांगला ओटा बांधून द्या. हात आमचे. तुमच्याकडं रस्त्याखालच्या मोरीच्या कामाचं सिमेंट उरलंय की."

सिमेंट उरलं होतं. ते कशाला वापरायचं हे ठरवायचा अधिकार मला नव्हता. पण एवढ्या बाया पहिल्यांदाच माझ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या. मी हो म्हणालो.

मैलकुली ते ऐकून धावत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, ओटा बांदा. पन चार हात लांब बांदा. तितं लिंबाखाली बांदा. सात दगड मी सोता नदीतनं आनून देतो, चांगले गोल बघून. हितं सिमीट ओतू नगा."

"मामा, देवी तिथं आहेत असं त्यांचं म्हणणं आहे. तिथून हलवा म्हणून मी कसं सांगू?"

"तुमी सांगितलं तर ऐकतील. माजं न्हाय ऐकनार."

"थोडं सिमेंट घातल्यानं एवढा मोठा पूल थांबणार आहे का? वाढायचा तेवढा वाढेल."

"चैतात दावलं हुतं की तुमाला," एवढंच तो म्हणाला.

ओटा दोन दिवसांत झाला. रुळांच्या भोवती, मधल्या फटींत, मागं, सगळीकडं दगडाच्या कपच्या आणि सिमेंट ठासून भरलं. पुढं फक्त सात तोंडं उघडी ठेवली आणि त्यांच्यासमोर गुळगुळीत पायरी केली. मैलकुलीनं थापीला हात लावला नाही. मी त्याला पाणी आणायला सांगितलं, ते त्यानं आणलं. पाणी आणायला नाही म्हणायची सोय त्याला नव्हती. शेवटच्या दिवशी बायांनी माझी ओटी भरल्यासारखी माझ्या हातात खोबरं, गूळ, फुटाणे घातले. दुसऱ्या दिवसापासून मला कुणी टेप्या म्हणालं नाही. अण्णा म्हणू लागले. "अण्णा, पाणी घेता का. अण्णा, सावलीला बसा." पंचविशीतल्या मला त्या अण्णाची किती चटक लागली होती, हे सांगायला आजही जड जातं. पण पुढचं सगळं त्यातून आलं.

शिमग्यानंतर पूल बोलायला लागला. दुपारी बाराच्या पुढं खालून कण्हल्यासारखा आवाज यायचा. बाया म्हणाल्या, आसरा प्रसन्न झाल्या, हुंकार देतात. चैत्रात एका दुपारी मोठा आवाज झाला, सुरुंग उडाल्यासारखा. खडी फोडणारे सगळे उठून उभे राहिले. थोड्या वेळानं मैलकुली शेडवर आला.

"बुरजाला चीर पडलीया. नख जातंय तेवडी हाय. ओटा फोडायला पायजे."

"आत्ता फोडला तर लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी तुमी सांगा. तुमाला अण्णा म्हनत्यात."

"बघू," मी म्हणालो.

मी बघितलं नाही. ओव्हरसियरला कळवायचं तर सिमेंट कुणाला विचारून वापरलं हे सांगावं लागलं असतं. लोकांना सांगायचं तर अण्णाचा पुन्हा टेप्या झाला असता. तो तीनदा आला. तीनदा मी बघू म्हणालो. तिसऱ्या वेळी त्यानं चीर किती वाढली हे करंगळी पुढं करून दाखवलं आणि म्हणाला, "सायेब, ह्या पुलावरनं यष्टी जाती. मानसं भरून जाती."

वैशाखातल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे झाडांखाली पांगलेले असताना, तो एकटा पहार घेऊन खाली उतरला. तीन रूळ मोकळे होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका बाईनं किंकाळी फोडली. "हिडीरी अवन्न!" धरा त्याला. लोक धावले. त्याला ओढत, ढकलत माझ्या शेडसमोर आणलं. पटका सुटून गळ्यात आला होता, हातावर सिमेंटची पांढरी भुकटी, कपाळावर खोक. ज्या म्हातारीनं त्याला नारळाची कवड दिली होती तीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती.

"अण्णा, बघा ह्यानं काय केलं! देवीवर पहार मारली ह्यानं!"

तो ओरडला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "सायेब, सांगा की ह्यास्नी."

अख्ख्या जमावानं माझ्याकडं पाहिलं. मला फार बोलायचं नव्हतंच. ओटा बांधणं ही माझी चूक होती, एवढे सहा शब्द पुरले असते. मी म्हणालो, "मी त्याला पहार चालवायला सांगितलं नव्हतं."

त्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यानं मान खाली घातली. त्यानंतर तो माझ्याशी त्या गावात कधी बोलला नाही.

चार दिवसांनी, ऐन तापल्या दुपारी, बुरुजाचा कोपरा फुटला. उरलेले चार रूळ अजून सिमेंटमध्ये गच्च होते आणि पुलाला वाढायचं होतं. दगड निखळून नदीच्या वाळूत पडले. पूल पडला नाही, माणूस कुणी दगावलं नाही. एसटी आणि मालगाड्या बंद झाल्या आणि मोठे साहेब जीपनं आले. त्यांनी खाली उतरून ओटा पाहिला.

"हे कुणी बांधलं?"

"गावकऱ्यांनी," मी म्हणालो.

ते वजनदार गृहस्थ शेजारीच होते. ते म्हणाले, "देवीचं काम साहेब, सगळ्यांनी मिळून केलं." त्यांनी मला वाचवलं असं मला त्या क्षणी वाटलं. साहेबांनी मला जबाब लिहायला बसवलं. माझं अक्षर चांगलं होतं. 'सदर मैलकुलीने पहारीने प्रहार केल्यामुळे पुलाच्या बैठकीस इजा होऊन बुरुजाचा कोपरा निखळला.' हे वाक्य मी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. मैलकुली नोकरीवरून गेला.

पुढं साहेबांनी समजुतीनं घेतलं. पुजारी बोलावून, वाजतगाजत, आसरांना तिथून हलवून लिंबाखाली बसवलं. नदीतले सात गोल दगड आणून. मैलकुली म्हणाला होता तिथंच, म्हणाला होता तसेच. ओटा फोडला, रूळ मोकळे केले, बुरूज बांधून काढला. त्या वर्षी पाऊसही बरा झाला. देवीची क्षमा मागितली म्हणून पाऊस आला असं लोक म्हणाले, आणि गोष्ट पुरी झाली. गोष्टीला कोपलेली देवी मिळाली, पापी माणूस मिळाला, पाऊस मिळाला. त्यात माझ्यासाठी जागाच उरली नाही.

गावात त्याच्या घरी कुणी जाईना. त्याच्या बायकोनं दिलेलं विरजण सुद्धा कुणी घेईना. तो बायको आणि पोरीला घेऊन सोलापुरात आला. कुठं, तर भवानी पेठेत. सुटीला घरी आलो असताना मी त्याला पाहिलं. सुताच्या गाठोड्यांनी भरलेला हातगाडा ओढत तो आमच्याच गल्लीतून येत होता. त्यानं मला ओळखलं. हात मोकळा नव्हता, म्हणून मान झुकवून म्हणाला, "रामराम, सायेब." मी चप्पल नीट करायला वाकल्यासारखं केलं आणि शेजारच्या बोळात शिरलो. पुढं कित्येक वर्षं मी घरी जाताना लांबच्या रस्त्यानं जायचो. तो गेल्याचं मला आमच्या आईकडून कळलं. तिला तो फक्त गाडेवाला म्हणून माहीत होता.

मास्तर येऊन गेल्यावर मी मैलकुलीच्या मुलीकडं गेलो. ती आमच्या घरापासून चौथ्या गल्लीत राहते, हे मला आधीपासून ठाऊक होतं. ती आता साठीच्या पुढं आहे. घरी टॉवेलांच्या कडा शिवते. दारातच मशीन, शेजारी टॉवेलांचा ढीग. मी कोण हे सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसं, क्रमानं. तिनं तीन टॉवेल पुरे केले. मग पाय थांबवला.

"तुमीच व्हय ते कारकून," ती म्हणाली. "बापानं तुमाला कधी शिवी दिली न्हाय. आईला लई राग यायचा त्याचा. सोलापुरात झालेला माझा भाऊ दोन वर्षांचा हुऊन गेला, तवा आई बापाच्या तोंडावर म्हणली, तुज्या पहारीचं फळ हाय हे. बाप म्हणला, पूल चालतुया, मी त्याच्या पायातली बेडी काढीत हुतो. आई म्हणली, ह्याचं डोकं फिरलं. मला बी तसंच वाटायचं."

तिनं शिवलेला टॉवेल ढिगावर टाकला.

"मी तिकडं परत कधी गेली न्हाय. भ्या वाटायचं," ती म्हणाली. मग दोरा तोडत, "खरंच चालतोय का वो पूल?"

"चालतो."

"मग दावा."

चैत्रातल्या एका सकाळी आम्ही पहिल्या एसटीनं गेलो. ती पुलाखाली उतरताना एकेक पायरी हातानं चाचपत होती. कोनाड्यात धूळ होती, पाकोळ्यांची घरटी होती. रूळ गंजून तपकिरी झाले होते. मैलकुली ही जागाच आता राहिलेली नाही. तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली. मी म्हणालो खडू आणलाय, तर म्हणाली, "असू द्या. कुंकूच लावती. देवी असली तर तिला बी कळू दे." टॉवेल शिवायच्या दोऱ्याला मी खडा बांधला. मधल्या रुळावर तिनं बोटानं उभी रेघ ओढली आणि एक डोळा मिटून ती दोऱ्याच्या मागं आहे का ते पाहिलं. तिचा बाप असाच बघायचा.

दिवसभर आम्ही लिंबाखाली आसरांच्या शेजारी बसलो. शुक्रवार होता. दुपारी गावातल्या तीन बाया नैवेद्य घेऊन आल्या. आम्हा दोन परक्या म्हाताऱ्यांना बघून त्यातली एक मोकळेपणानं सांगू लागली, "लई जागृत हाय ही जागा. मागं एका मैलकुलीनं..."

"त्याची मी लेक," ती म्हणाली.

तिघींनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मात्र माझ्याकडं पाहिलं.

"ओटा मी बांधला होता," मी म्हणालो. "त्यानं नको म्हणून सांगितलं होतं. पूल माझ्या ओट्यानं फुटला. त्यानं पहार मारली ती पूल वाचवायला. आणि लिहिताना मी त्याचं नाव पुढं केलं."

एवढी वर्षं मला वाटत होतं, हे बोललो की काही तरी कोसळेल. सगळ्यात मोठी बाई पानावर भात मोकळा करत म्हणाली, "असंल बाबा. लई जुनं झालं की ते." दुसरीनं पुलाकडं एकदा पाहिलं. तिसरी, सून असावी, मैलकुलीच्या लेकीला म्हणाली, "आत्या, बसा की. जेवूनच जावा." आणि तिला पहिलं पान वाढलं. तेवढंच.

तीन वाजता आम्ही पुन्हा खाली उतरलो. तापलेल्या लोखंडातून बारीक खरखर ऐकू येत होती. मी दोरा धरला. तिनं तो माझ्याकडून घेतला आणि स्वतः धरला. खडा स्थिर झाला. कुंकवाची रेघ कललेली होती. वरच्या टोकाला दोरा आणि रेघ यांत ज्वारीचा दाणा मावेल एवढी फट.

मग तिनं त्या फटीत खरंच करंगळीचं नख घालून पाहिलं.

"आईला दावायला पायजे हुतं," ती म्हणाली.

मग तिनं पदराच्या टोकानं रेघ पुसली. रुळाच्या कडेची धूळ पुसली, बोट चोळून पाहिलं. बोटावर कोरडा गंज आला.

"पार वाळून गेलंय. वंगण कुटं मिळतंय?"

"अक्कलकोटात मिळेल. गॅरेजवर."

"मग उद्या आना. बाप शनवारीच लावायचा म्हनं. मी झाडू घिऊन येती."

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परत आलो. आज तोच शुक्रवार आहे. घरी आल्यावर बसून हे लिहून काढलं. फलकावर किती जागा आहे ते मास्तरांना माहीत. जागा कमी असली तर माझ्या आठवणी गाळा, काहिलीची गोष्ट गाळा, मेंढरांची गाळा. ओटा रोड कारकुनानं बांधला आणि मैलकुलीनं पूल वाचवला, एवढी दोन वाक्यं ठेवा. उद्या सकाळी जाता जाता हे कागद त्यांच्या घरी टाकून पुढं जाईन. थांबायला वेळ नाही, गॅरेज उघडलं की लगेच डबा घ्यायचा आहे.